पाणबुडीच्या पोटात शिसे नको

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात. आधी शाळेचे, मग तालुक्याचे, मग जिल्ह्याचे. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन ही नेहमीची मंडळी असतातच. पण पाण्यात बुडी मारून पुन्हा वर येणारी पाणबुडी टेबलावर आली, की पोरांची गर्दी तिच्याभोवती जमते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्गातील सहावी, ‘वाघशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी. दुसरीला तर थळच्या समोरच्या किल्ल्याचे, ‘खांदेरी’चे, नाव आहे. वर्तमानपत्रातली ही छायाचित्रे पाहून आठवी-नववीच्या मुलाला आपणही एक पाणबुडी करावी असे वाटले, तर त्यात नवल नाही. त्याचे कौतुकच करावे.

मात्र, चाकणच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून जो प्रश्न विचारला आहे, तो वाचून हा विषय आजच्या सदरात घेणे मला आवश्यक वाटले. त्या लिहितात, “मुलाने पाइपची पाणबुडी केली आहे. ती तरंगते, पण बुडत नाही. जुन्या बॅटरीतले शिसे वितळवून साच्यात ओत, म्हणजे वजन येईल, असे त्याच्या मित्राने सांगितले आहे. घरच्या गॅसवर हे करू द्यावे काय? घरात धाकटी दीड वर्षाची आहे.”

उत्तर एका शब्दात सांगायचे तर, नाही. घरच्या गॅसवर नाही, अंगणातल्या चुलीवर नाही, गच्चीवरही नाही. आणि तयार शिशाचा तुकडा विकत आणून बसवणेही नको. पण नुसते ‘नको’ म्हटल्याने मुलांचे समाधान होत नाही. नको का, आणि मग घ्यायचे काय, हे दोन्ही सांगावे लागते. ते आज सविस्तर पाहू.

पाणबुडीला वजन कशाला?

पाण्यात टाकलेली वस्तू आपल्या आकाराएवढे पाणी बाजूला सारते. त्या पाण्याचे जेवढे वजन, तेवढा वरच्या दिशेने रेटा वस्तूला मिळतो. हा आर्किमिडीजचा नियम मुले शाळेत शिकतातच. पोकळ पाइपात हवा भरलेली असल्यामुळे तो आकाराने मोठा पण वजनाने हलका असतो, म्हणून तो तरंगतो. त्याला पाण्याच्या पृष्ठभागाखाली न्यायचे, तर आत किंवा खाली वजन घालावे लागते. शिवाय हे वजन तळाशी असले, म्हणजे पाणबुडी कलंडत नाही, सरळ राहते.

शिसे वापरण्याची कल्पना कोठून येते, तेही उघड आहे. एक घनसेंटिमीटर शिसे ११.३ ग्रॅम भरते, तेवढेच लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम. शिसे ३२७ अंशांनाच वितळते, चाकूने कापता येते, हातोडीने हवे तसे वाकवता येते. खऱ्या पाणबुड्यांतही तोल साधण्यासाठी शिशाच्या विटा बसवतात, हेही खरे आहे. पण ते काम प्रशिक्षित कामगार योग्य साधनांनिशी करतात, आणि त्या विटा जिथे बसवतात तिथे रांगते मूल नसते. आपल्याकडे तेच काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर होऊ घातले आहे. फरक आहे तो हा.

शिसे शरीरात कसे शिरते?

शिशाचा घन तुकडा हातात धरला म्हणून लगेच विषबाधा होत नाही. कातडीतून धातुरूप शिसे फारसे आत जात नाही. धोका आहे तो तोंडावाटे आणि श्वासावाटे.

शिशाचा तुकडा हाताळल्यावर बोटे करडी-काळी होतात, हे अनेकांनी पाहिले असेल. तो रंग म्हणजे शिसे आणि शिशावर हवेने चढलेला थर. तेच हात चिवड्याच्या ताटलीत जातात, नखे कुरतडताना तोंडात जातात. तुकडा करवतीने कापला, कानशीने घासला किंवा त्याला भोक पाडले, की बारीक भुकटी उडते. ती जमिनीवर, चटईवर, कपड्यांवर बसते. झाडू मारला, की पुन्हा उडते. रांगणारे मूल दिवसभर जमिनीवरच असते आणि त्याचा हात दर घटकेला तोंडात असतो.

वितळवताना तर संकट अनेक बाजूंनी येते. भांडे जास्त तापले, म्हणजे शिशाचा धूर हवेत मिसळतो. हा धूर डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि त्याचा वास ओळखू येईल असेही नाही. वर जमणारी राखाडी मळी खरवडली, की तिची धूळ होते. साच्यात किंवा भांड्यात पाण्याचा थेंब असला, तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे उसळते आणि चेहऱ्यावर, डोळ्यांत उडते. आणि ज्या कढईत हे केले, ती पुन्हा फोडणीला वापरली जाण्याचा धोका वेगळाच.

जुनी बॅटरी फोडणे हे या सगळ्याहून वाईट. तिच्यातले सल्फ्युरिक आम्ल अंग भाजते, कपडे जाळते. प्लेटांना लागलेला लगदा हा शिशाच्या संयुगांचा असतो. तो वाळला, की अगदी बारीक पूड होते, आणि ही पूड घन तुकड्यापेक्षा कितीतरी सहज शरीरात शिरते. तेव्हा “बॅटरी जुनी झाली, आता तिच्यात काय राहिले आहे” असे म्हणू नये. त्रास देण्यापुरते तिच्यात भरपूर राहिलेले असते.

मुलांनाच अधिक धोका का?

मोठ्या माणसाच्या पोटात जेवढे शिसे जाते, त्यातला थोडाच भाग रक्तात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, लहान मुले त्याच शिशातले चार ते पाच पट अधिक शोषून घेतात. त्यातही ज्या मुलाला लोह किंवा कॅल्शियम कमी पडते, त्याचे शरीर शिसे आणखी ओढून घेते. आपल्याकडे रक्त कमी असलेली मुले किती आहेत, हे मी वेगळे सांगायला नको.

रक्तात उतरलेले शिसे कॅल्शियमची जागा पटकावते. मेंदूतल्या पेशी परस्परांना जे निरोप देतात, त्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. तिथे शिसे शिरले, की निरोप चुकतात. वाढत्या मेंदूवर हा परिणाम घडतो आणि तो बहुधा भरून येत नाही. मुलाचे लक्ष लागत नाही, ते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. आपण म्हणतो, “हल्ली हा फार हट्टी झाला आहे.” शिसे हे कारण कोणाच्या मनातही येत नाही.

रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे उतरते, पण म्हणजे ते शरीराबाहेरच गेले असे नाही. बराचसा भाग हाडांत आणि दातांत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षे राहतो. मुलीच्या हाडांत साठलेले शिसे पुढे तिच्या गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे एका पिढीची चूक दुसरीला भोगावी लागते.

‘इतके शिसे चालते’ अशी सुरक्षित मर्यादा आजपर्यंत सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले, की दर शंभर मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून येते हे शोधून तो मार्ग बंद करावा. अमेरिकेने त्याच वर्षी आपली इशाऱ्याची पातळी ३.५ वर आणली. १९९१ मध्ये तीच १० होती. जसजसे ज्ञान वाढले, तसतशी ही रेषा खालीच येत गेली आहे. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर असावे, असा अंदाज दिला होता.

गिळलेल्या तुकड्याची गोष्ट आणखी गंभीर. पोटातल्या आम्लात शिसे हळूहळू विरघळते. २००६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका चार वर्षांच्या मुलाने हातातल्या साखळीचे बदामाच्या आकाराचे छोटे पदक गिळले. ते जवळजवळ शुद्ध शिशाचे होते. त्याच्या रक्तात १८० मायक्रोग्रॅम शिसे आढळले आणि ते मूल दगावले. पाणबुडीच्या वजनासाठी कापलेले वाटाण्याएवढे तुकडे घरात पडलेले असतील, तर या घटनेची आठवण ठेवावी.

आपल्या पट्ट्यात शिसे कोठे कोठे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा सगळा कारखान्यांचा आणि गाड्यांचा मुलूख. त्यामुळे इतर गावांपेक्षा इथल्या मुलाला शिसे सहज मिळते. बॅटरी दुरुस्तीच्या दुकानामागे प्लेटा पडलेल्या असतात. गाडीची चाके बॅलन्स करताना रिमला जे छोटे तुकडे ठोकतात, ते जुन्या गाड्यांत अनेकदा शिशाचे असतात. ते निखळून रस्त्याकडेला पडतात आणि मुले ते गोळा करतात. भंगारवाल्याकडे किलोवर शिसे मिळते. इंद्रायणी, भामा, भीमेच्या काठी मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला आणि गळाला शिशाचे मणी असतात, आणि ते दोरीवर दाताने दाबून बसवण्याची सवय काहींना असते. ही सवय आजच सोडावी.

शिशाची विषबाधा ही कामगारांना नवी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या व्यावसायिक रोगांची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरवर बंधनकारक होते, त्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगारांच्या रक्ताच्या तपासणीवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांच्या रक्तात शिसे वाढलेले आणि रक्ताचा लाल रंग तयार करण्याची शरीराची क्रिया बिघडलेली आढळली. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट नव्हे.

यावरून कामगार बंधूंना एक सांगणे आहे. बॅटरी, रेडिएटर दुरुस्ती किंवा शिशाचे ओतकाम यांपैकी काही आपण करत असाल, तर कामाचे कपडे कामावरच बदलावेत. हातपाय-तोंड धुऊन, शक्य तर आंघोळ करून मगच घरी यावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आणि मुलाने प्रकल्पासाठी मागितले म्हणून शिशाचा तुकडा खिशात घालून घरी आणू नये.

हिशेब करून पाहू

“पण डॉक्टर, शिशाशिवाय वजन बसतच नाही,” असे मुले म्हणतात. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच करू.

समजा, बाहेरून ७५ मिलिमीटर जाडीचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा पाइप आहे. तो पूर्ण बुडाला, म्हणजे सुमारे १७७० घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. गोड्या पाण्यात तो तरंगूही नये आणि बुडूही नये, असा अधांतरी राहायचा, तर त्याचे एकूण वजन १७७० ग्रॅम हवे. पाइप, झाकणे, मोटार, सेल हे सगळे मिळून ९०० ग्रॅम भरले असे धरू. म्हणजे उरले ८७० ग्रॅम.

हे ८७० ग्रॅम शिशाचे घेतले, तर ते सुमारे ७७ घनसेंटिमीटर जागा घेते. लोखंडाचे घेतले, तर १११. फरक फक्त ३४ घनसेंटिमीटरचा! म्हणजे चहाचे सात लहान चमचे. पाइपच्या आत मोजले, तर ही जागा एक सेंटिमीटर लांबीचीही होत नाही. वजन पाइपच्या आत, कोरड्या जागेत असेल, तर ८७० ग्रॅम ते ८७० ग्रॅमच. पाणबुडीला ते शिशाचे आहे की लोखंडाचे, हे कळतही नाही.

वजन बाहेर, पाण्यात टांगायचे असेल, तर थोडा फरक पडतो, कारण वजनालाही पाण्याचा रेटा बसतो. ८७० ग्रॅम शिसे जे काम करील, त्यासाठी सुमारे ९१० ग्रॅम लोखंड लागेल. चाळीस ग्रॅम जास्त. एम-दहा मापाचे तीन-चार नट वाढवले, की काम झाले.

तीन-चार नट आणि सात चमचे जागा! एवढ्यासाठी आपण मुलाचा मेंदू पणाला लावायचा काय? हा हिशेब मुलाला स्वतःलाच करू द्यावा. प्रदर्शनात परीक्षकांसमोर त्याने तो मांडला, तर गुणही मिळतील.

मग कोणते वजन निवडावे?

पहिली पसंती लोखंड किंवा पोलाद यांना. नट, बोल्ट, वॉशर आणि सळीचे तुकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि आपल्या पट्ट्यात तर त्यांची वानवा नाही. सुटे नट डब्यात ओतले, तर त्यांच्यामध्ये मोकळी जागा फार राहते आणि मुलाला वाटते, की लोखंड पुरत नाही. त्याऐवजी लांब बोल्टमध्ये वॉशर एकावर एक ओवून चळत करावी, म्हणजे जागा वाया जात नाही. चपटी पट्टी मिळाली तर उत्तमच. ती तळाशी लांबीभर बसवली, की पाणबुडी कलंडत नाही. बारीक तोल साधण्यासाठी शेवटचे दोन-चार वॉशर पुढे-मागे सरकवावेत.

लोखंड पाण्यात गंजते, म्हणून बाहेर लावायचे वजन स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. त्याची घनता जवळपास लोखंडाएवढीच असते. पाणबुडीत होकायंत्र बसवले असेल, तर साधे लोखंड त्याच्यापासून दूर ठेवावे.

पितळ लोखंडापेक्षा थोडे जड असते आणि गंजत नाही. पण एक बारकावा लक्षात ठेवावा. लेथवर सहज कापले जावे म्हणून जे पितळ बनवतात, त्यात सुमारे तीन टक्के शिसे मिसळलेले असते. त्याचा तयार नग वापरायला हरकत नाही. मात्र त्याचा कीस आणि भुकटी मुलांच्या हाती देऊ नये. कारखान्यातला कोणताही तेलकट कीस वजनासाठी नकोच. तो हात कापतो आणि कातडीला त्रास देतो.

टंगस्टन शिशापेक्षाही कितीतरी जड, घनता १९.३. बिस्मथची ९.८. दोन्ही शिशाला पर्याय म्हणून जगभर वापरतात, पण महाग पडतात. शाळेच्या प्रकल्पाला त्यांची गरज नाही. बिस्मथ २७१ अंशांनाच वितळते, म्हणून ते घरी ओतून पाहण्याचा मोह होईल, तोही टाळावा. भाजण्याची भीती तिथेही तेवढीच आहे.

पाचवी-सहावीच्या मुलाची बाटलीची पाणबुडी असेल, तर धुतलेली वाळू किंवा नदीतले गोटे पुरेत. काळ्या दगडाची घनता तीनच्या आसपास असते. जागा जास्त लागते, पण धोका काही नाही.

दोन गोष्टी मात्र शिशाच्या जागी कधीही घेऊ नयेत. एक म्हणजे पारा. जुन्या थर्मामीटरमधला पारा काढून वापरणे अत्यंत धोक्याचे. दुसरे म्हणजे छोटी शक्तिशाली चुंबके. लहान मुलाने अशी दोन चुंबके गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडते.

“शिशावर रंग दिला, मेण लावले तर?” असेही काही जण विचारतात. आवरणाने धोका कमी होतो, संपत नाही. कापणे, घासणे, भोके पाडणे हे आवरणाच्या आधीच घडून गेलेले असते, आणि प्रदर्शन संपल्यावर मॉडेल मोडते तेव्हा ते आवरणही मोडते. चांगला पर्याय हाताशी असताना ही कसरत कशाला?

हा बदल फक्त मुलांच्या खेळण्यापुरता नाही. गळाच्या शिशामुळे राजहंस मरतात हे लक्षात आल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाला लावायच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. युरोपीय संघाने २००५ मध्ये प्रवासी मोटारींच्या चाकांवरची शिशाची वजने बंद केली. मासेमारी थांबली नाही आणि गाड्यांची चाकेही डगमगली नाहीत. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले, तरी गाड्या धावतच आहेत.

वजनाखेरीज आणखी तीन जागा

वजन बदलले, पण बाकीचे शिसे तसेच राहिले, असे होऊ नये.

पहिली जागा सोल्डरची तार. नेहमीच्या तारेत सुमारे चाळीस टक्के शिसे असते. शिसेविरहित तार मिळते, ती मागून घ्यावी. सोल्डरिंग उघड्या खिडकीजवळ करावे, तार दातात धरू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

दुसरी जागा पाइप. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाइपांत पूर्वी शिशाची संयुगे मिसळत. ती काढून टाकण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. म्हणून जुना, काढून टाकलेला पाइप कापण्याऐवजी नवा घ्यावा. कापताना तो ओला करावा आणि भुसा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

तिसरी जागा रंग. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंगांना तो नाही. म्हणून कारखान्यातून उरलासुरला पिवळा किंवा केशरी रंग आणून पाणबुडीला फासू नये.

आणि एक चौथी गोष्ट, पाण्याची. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड शहरात दिवसाआड पाणी येऊ लागले, तसे घरोघरी पिंपे आणि टाक्या भरून ठेवण्याची सवय लागली. मुलांना पाणबुडीच्या चाचणीसाठी ते पिंप आयतेच मिळते. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात मॉडेल सोडू देऊ नये. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त शिसे चालत नाही. एवढ्या थोड्याला जिथे बंदी, तिथे शिशाचा गोळा बुडवून कसा चालेल? चाचणीसाठी वेगळा टब घ्यावा आणि ते पाणी झाडांना नव्हे, मोरीत ओतावे.

घरात शिसे आधीच आले असेल तर?

घाबरून जाऊ नये. तुकडे हातमोजे घालून गोळा करावेत, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावेत आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने दोनदा पुसून ते फडके टाकून द्यावे. जुनी बॅटरी फोडू नये, ती बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिशाचे सुटे तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यावेत. ज्या भांड्यात शिसे वितळवले, ते घासून पुन्हा वापरू नये.

मुलाने शिसे वितळवले असेल, बॅटरी फोडली असेल किंवा बरेच दिवस शिशाचे तुकडे हाताळले असतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी शिरेतून घेतलेल्या रक्तावर होते. घरातल्या सर्वांत लहान मुलाचीही करावी, कारण काम दादाने केलेले असते आणि धूळ धाकटीच्या पोटात गेलेली असते.

लक्षणांची वाट पाहू नये, कारण सुरुवातीला बहुधा ती नसतातच. पुढे भूक मंदावणे, पोटात कळा येणे, बद्धकोष्ठ, फिकटपणा, चिडचिड, आळस ही दिसू लागतात. मोठ्या माणसांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. फार जास्त शिसे गेले, तर झटके येतात आणि शुद्ध हरपते. असे झाल्यास तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. मुलाने शिशाचा तुकडा गिळल्याची नुसती शंका असली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. एक्स-रेमध्ये तो दिसतो. उलटी करवण्याचे घरगुती उपाय करू नयेत.

उपचारात पहिले पाऊल एकच, शिसे येण्याचा मार्ग बंद करणे. तेवढ्यानेही रक्तातली पातळी उतरू लागते. ती ४५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तर शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात देतात. ती आपल्या मनाने घेण्यासारखी नाहीत. आहारात मात्र घरी करण्यासारखे बरेच आहे. नाचणी, दूध, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि जेवणात लिंबू किंवा आवळा. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले, की आतडी शिसे कमी शोषतात. मुलाने उपाशीपोटी असे काम करू नये, तेही याचसाठी.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाच्या सूचनांमध्ये ‘मॉडेलमध्ये शिसे व पारा वापरू नये’ अशी एक ओळ घालावी. आणि पाणबुडी करणाऱ्या मुलाला हेही सांगावे, की खरी पाणबुडी बुडी मारते ती शिशाच्या जोरावर नव्हे. ती आपल्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेते आणि वर यायचे असले, की दाबाखालच्या हवेने ते बाहेर ढकलते. हीच युक्ती इंजेक्शनच्या नव्या, सुई नसलेल्या पिचकारीने आणि एका नळीने मॉडेलमध्येही साधते. तळाशी लोखंडाची एक पट्टी आणि बाकीचे काम पाण्याचे. पाणी फुकट मिळते, हवे तेवढे आत घेता येते, नको तेव्हा सोडता येते, आणि ते कोणाच्या हाडांत जाऊन बसत नाही.